रॉकेटच्या नोझलवरचं कोटिंग: मुलामा, लेप का आणखी काही?

यवतमाळकडच्या एका मास्तरांनी विचारलं आहे की शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात इस्रोच्या नोझलची (रॉकेटच्या बुडाचं, तापलेला वायू बाहेर सोडणारं तोंड) पाटी मराठीत लिहायची आहे, तर ‘कार्बन-कार्बन कंपोझिटवर सिलिकॉन कार्बाइडचं अँटी-ऑक्सिडेशन कोटिंग’ याला ‘गंजरोधक चिनीमातीचा मुलामा’ म्हटलं तर जमते का. (कार्बन-कार्बन म्हणजे कार्बनच्याच धाग्यांत कार्बन भरलेला माल.) सर, ऐकायला झकास आहे पण तिन्ही शब्दांत गडबड आहे.

आधी गंज. आपल्या इकडे जंगच म्हणतात, आणि तो लोखंडाला चढतो, म्हणजे वर लालसर काहीतरी दिसते तरी. कार्बनचं तसं नाही, पाचेकशे अंशाच्या वर हवा लागली की तो जळून वायूच होते, खरवडायलाही काही उरत नाही. बरं हवा नसली तर हाच गडी दोन हजार अंशाला ताकद सोडत नाही, म्हणून तर त्याला रॉकेटात घेतात, म्हणजे खरं भांडण उष्णतेशी कमी आणि हवेतल्या ऑक्सिजनशी जास्त. ‘जळणरोधक’ करायचा मोह होईल पण नका करू, गावात जळण म्हणजे चुलीत घालायची पऱ्हाटी नाही तर तुराटी, पोरं हसतील. सरळ ‘कार्बनला जळू न देणारं’ लिहा, दोन अक्षरं जास्त गेली तर गेली.

चिनीमाती तर काढूनच टाका. सिरॅमिक हा शब्द मुळात ग्रीक कुंभारमातीवरूनच आला हे खरं, भद्रावतीच्या मातीकामाला तो शोभते पण, मात्र सिलिकॉन कार्बाइडमध्ये माती नावालाही नाही. ते म्हणजे धार लावायच्या दगडात वापरतात ते कार्बोरंडम. ‘सिरॅमिक’च राहू द्या, टाइल्समुळे आता सगळ्यांना माहीत झालं आहे.

आता मुलामा. अरबीतून आला, मुळात चमक असा अर्थ, म्हणून त्यात वरवरचेपणा येतोच, साखरेचा मुलामा म्हणतो ना आपण. लेप मऊ, तो लावायचा, वाळला की पोपडे निघतात. छाबणं म्हणजे कुडाला मातीचा गिलावा, ते हाताचं जाड काम. रंगाचे ‘दोन हात मारले’ म्हणतो तोही हात इथं चालत नाही, कारण यातल्या एका मोठ्या पद्धतीत वरून काही फासतच नाहीत.

नासाच्या स्पेस शटलचं नाक आणि पंखांच्या पुढच्या कडा याच कार्बन-कार्बनच्या होत्या. तो भाग सिलिकॉन, सिलिकॉन कार्बाइड आणि अॅल्युमिनाच्या भुकटीत पुरून भट्टीत सोळाशे अंशाच्या वर तापवायचे, मग वरचा कार्बनच सिलिकॉनशी जुळून सिलिकॉन कार्बाइड होऊन जायचा. म्हणजे कातडं बाहेरून चढवलं नाही, अंगाचंच बदललं. थंड होताना हे कातडं आतल्या कार्बनपेक्षा जास्त आकसते अन् बारीक भेगा पडतात, त्या सिलिका (वाळूत असते तेच, काचेचं द्रव्य) देणारं द्रव जिरवून बुजवायचे. आणि मला सगळ्यात भारी वाटते ते हे की तापल्यावर सिलिकॉन कार्बाइड स्वतःच ऑक्सिजन घेऊन वर सिलिकाची काच धरते, ती मऊ होऊन उरल्यासुरल्या फटीत जाते, तोही इलाज अर्थात सतराशे अंशाच्या आसपासपर्यंतच, त्याच्या वरच्या कामासाठी झिर्कोनियम, हाफ्नियमची बोराइडं आजमावून राहिले आहेत.

या सगळ्याला माझं मत ‘पुट’. वैद्य भस्म करताना औषध दोन मातीच्या पसरट भांड्यांत बंद करतात, सांध्याला कापडमाती लावतात आणि गवऱ्यांच्या आगीत घालतात, त्याला पुट देणं म्हणतात. बंद करून, भाजून, वस्तूच बदलणं, अगदी तेच काम. आणि ज्यांना वैद्यकी माहीत नाही त्यांनाही धुळीची पुटं चढणं माहीतच असते, म्हणून वायूतून कणाकणानं थर बसवायची जी दुसरी पद्धत आहे तिलाही हा शब्द पुरून उरते. ‘थर’ लिहिलं तरी चूक नाही, फक्त फिका आहे. ‘कवच’ नको, कवच अंगावरून काढून ठेवता येते, हे नाही येत. कंपोझिटला संमिश्र-बिंमिश्र करत बसू नका, कार्बनच्याच धाग्यांत कार्बन भरलेला माल असं एकदा कंसात सांगून टाका.

तर पाटी अशी करा: ‘पीएसएलव्ही रॉकेटच्या चौथ्या टप्प्यासाठी इस्रोने कार्बन-कार्बन कंपोझिटचं (कार्बनच्याच धाग्यांत कार्बन भरलेला माल) नोझल केलं. कार्बनला जळू न देणारं सिलिकॉन कार्बाइडचं पुट त्यावर आहे. आधीच्या कोलंबियम (म्हणजे निओबियम) मिश्रधातूपेक्षा वजन सुमारे ६७ टक्के कमी, त्यामुळे रॉकेट १५ किलो जास्त नेऊ शकेल. २ एप्रिल २०२४ ला तामिळनाडूतल्या महेंद्रगिरीला २०० सेकंद चालवून पाहिलं, तेव्हा तापमान १२१६ केल्विनवर गेलं.’ केल्विनच्या शेजारी ९४३ अंश सेल्सिअस लिहायला विसरू नका, नाही तर दर दहा मिनिटाला कोणीतरी विचारत बसेल.