न्यायालयाचा निकाल आणि अकरा एंडोर्समेंट

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. नेशनस्टेट्स या ऑनलाइन खेळात, जेथे प्रत्येक खेळाडू एक राष्ट्र चालवतो, तुम्ही आणि तुमच्या मित्रांनी स्थापन केलेल्या फ्रंटियर रीजनमध्ये (रीजन म्हणजे राष्ट्रांचा गट, आणि फ्रंटियर हा त्याचा एक प्रकार) ४१ राष्ट्रे आहेत आणि त्यांपैकी १६ वर्ल्ड असेंब्लीची, म्हणजे खेळातील जागतिक संघटनेची, सदस्य आहेत. तुमची राज्यघटना ६२ कलमांची असून तीत दोन सभागृहे आणि तीन न्यायाधीशांचे सर्वोच्च न्यायालय यांची तरतूद आहे. मागच्या महिन्यातील निवडणुकीत विद्यमान डेलिगेट, म्हणजे रीजनचा प्रमुख, हरला, न्यायालयाने त्याला पायउतार होण्याचा आदेश दिला, आणि तीन आठवडे उलटले तरी तो जागचा हललेला नाही. अशा प्रसंगासाठी घटनेत कोणती दुरुस्ती करावी, असे तुम्ही विचारले आहे. सोबत वर्ल्ड असेंब्लीसाठी लिहिलेला, मातृभाषेतून प्राथमिक शिक्षण देण्याविषयीचा ठरावाचा मसुदाही पाठवला आहे. त्याविषयी शेवटी लिहितो.

घटनादुरुस्तीच्या प्रश्नाला माझे उत्तर असे की तूर्त कोणतीही दुरुस्ती करू नये. तुमची घटना या खेळाच्या यंत्रणेला ठाऊकच नाही. कोणी निवडणूक जिंकली, न्यायालयाने काय निकाल दिला, कलम १४ मध्ये कार्यकाळ किती महिन्यांचा लिहिला आहे, यांपैकी एकही गोष्ट ती वाचत नाही. रीजनमधील वर्ल्ड असेंब्ली सदस्यांपैकी सर्वाधिक एंडोर्समेंट, म्हणजे इतर सदस्य राष्ट्रांनी दिलेले पाठिंबे, कोणाकडे आहेत, एवढेच ती दिवसातून दोनदा, मेजर आणि मायनर अपडेटच्या वेळी, मोजते आणि त्या राष्ट्राला डेलिगेट करते. तुम्ही दिलेल्या आकड्यांनुसार जुन्या डेलिगेटकडे ११ एंडोर्समेंट आहेत आणि निवडून आलेल्या सदस्येकडे ६. यंत्रणेच्या दृष्टीने तुमच्याकडे कोणताही घटनात्मक पेच नाही. अकरा हे सहापेक्षा जास्त आहेत, इतकेच.

म्हणून आधी करायचे काम मतदारांकडे जाण्याचे आहे, आणि तेही नेमके सांगून. तुमच्याकडील बहुतेकांचा असा समज झालेला दिसतो की नव्या डेलिगेटला एंडोर्समेंट दिली की जुन्याची आपोआप निघते. तसे होत नाही. एक राष्ट्र आपल्या रीजनमधील कितीही सदस्यांना एंडोर्स करू शकते, त्यामुळे जुन्याची एंडोर्समेंट प्रत्येकाने स्वतः जाऊन काढावी लागते. चौघांनी ती काढली आणि दोघांनी नवीला दिली, तर सात विरुद्ध आठ होतात आणि पुढच्या अपडेटला प्रश्न मिटतो. ही सहा पावले सहा टेलिग्रामनी, म्हणजे खेळातील खासगी संदेशांनी, होणारी आहेत. मात्र ती रीजनच्या संदेश फलकावर जाहीर करून टाकू नयेत, कारण तुमच्या डेलिगेटकडे बाहेर काढण्याचा आणि बंदी घालण्याचा अधिकार अजून आहे. हा अधिकार फुकट मात्र वापरता येत नाही. २००६ मध्ये इन्फ्लुअन्सची, म्हणजे रीजनमध्ये राहून साठत जाणाऱ्या वजनाची, पद्धत आली तेव्हापासून डेलिगेटला कोणालाही हाकलताना स्वतःचा साठलेला इन्फ्लुअन्स खर्चावा लागतो, आणि समोरचे राष्ट्र जितके जुने व जितके जास्त एंडोर्समेंट असलेले, तितका तो खर्च वाढतो. त्यामुळे पहिली पावले तुमच्यातील सर्वांत जुन्या सदस्यांनी उचलावीत. भारतीय वेळेनुसार अपडेट साधारण सकाळी आणि रात्री साडेनऊ ते साडेदहाच्या सुमारास सुरू होतो, तेव्हा बदल त्याच्या थोडेच आधी, सर्वांनी मिळून केलेले बरे.

आता तुमच्या घटनेकडे वळतो. ती मी पूर्ण वाचली आणि वाचताना मला माझीच जुनी घटना आठवली, म्हणून हे थोडे कठोरपणे लिहितो आहे. भारताच्या राज्यघटनेची प्रत समोर ठेवून तुम्ही ती लिहिली, हे स्पष्ट दिसते: उद्देशिका आहे, मूलभूत हक्क आहेत, विधानसभेवर एक विधान परिषदही आहे. पण १६ सक्रिय माणसांत दोन सभागृहे, तीन न्यायाधीश, एक महाधिवक्ता आणि पाच मंत्री नेमले, तर राज्य कोणावर करायचे, हा प्रश्न उरतो. सगळेच सरकारात असतात आणि नागरिक कोणीही नसतो. वरच्या सभागृहात गेल्या चार महिन्यांत तीन विधेयके आली आणि तिन्ही वेळा मतदान करणारे तेच चौघे होते, असे तुम्हीच लिहिले आहे. ते सभागृह विसर्जित करा. कोणाला त्याची उणीव भासणार नाही.

माझ्या बाबतीत चूक याहून सूक्ष्म होती. काही वर्षांपूर्वी एका लहान रीजनमध्ये मी घटनादुरुस्तीचे कलम लिहिले, आणि आपली घटना कोणीही सहज बदलू नये या अभिमानापोटी त्यात 'एकूण नागरिकांच्या दोन-तृतीयांश बहुमताने' असे शब्द घातले. तेव्हा तीस नागरिक होते आणि सगळे रोज येत असत. सात-आठ महिन्यांनी त्यांतले सतरा जण खेळ सोडून गेले. त्यांची राष्ट्रे तर २८ दिवस कोणी लॉग इन न केल्यामुळे नियमाप्रमाणे नाहीशी झाली, परंतु नागरिकांच्या यादीतून नाव कसे वगळायचे हे मी कोठेही लिहिलेले नव्हते. त्यामुळे कागदावर तीस नागरिक, हजर तेरा, आणि दुरुस्तीला हवे वीस. नाव वगळण्याचे कलम घालण्यासाठीसुद्धा दुरुस्तीच हवी होती. अखेर आम्ही तेरा जणांनी एकमताने ठरवून आपलीच घटना मोडली आणि नवी लिहिली. त्या दिवशी मला जे वाटले त्याला लाजेशिवाय दुसरा शब्द नाही.

तुमच्या कलम ५९ मध्ये हाच सापळा आहे. तेथे 'एकूण' हा शब्द काढून 'मतदानात भाग घेतलेल्या' असे घाला, आणि गणपूर्ती वेगळी ठेवा. गणपूर्तीही निम्म्याची नको. आपल्या लोकसभेची गणपूर्ती सदस्यसंख्येच्या एक-दशांश आहे. ज्या सभागृहाच्या सदस्यांना मानधन मिळते तेथे एवढी सूट दिलेली असताना, परीक्षा आणि नोकरी सांभाळून रात्री येणाऱ्या मुलांकडून निम्म्या उपस्थितीची अपेक्षा का करावी? नागरिकत्व सांभाळण्यासाठी तीस दिवसांतून एकदा तरी हजेरी लावावी, अन्यथा नाव आपोआप निघेल आणि परत आल्यावर एका संदेशाने पुन्हा लागेल, असे एक कलम पुरेसे होते.

सत्तांतराचे कलम मात्र सविस्तर लिहावे, कारण खेळाची यंत्रणा आणि तुमचा कायदा यांची खरी गाठ तेथेच पडते. मोठ्या रीजननी हे किंमत मोजून शिकले आहे. द पॅसिफिक या फीडर रीजनमध्ये, म्हणजे जेथे नवी राष्ट्रे जन्माला येतात आणि ज्याला कधीच संस्थापक नव्हता अशा रीजनमध्ये, २००३ मध्ये एका राष्ट्राने डेलिगेटपद मिळवून न्यू पॅसिफिक ऑर्डर नावाची राजवट उभी केली, आणि तिला हटवण्याचे प्रयत्न झाले तरी ती टिकली. तेव्हापासून कोणत्याही गंभीर रीजनचा कायदा एका प्रश्नापासून सुरू होतो: उद्या डेलिगेट फिरला तर त्याला खाली ओढण्याइतक्या एंडोर्समेंट दुसऱ्या कोणाकडे आहेत?

द नॉर्थ पॅसिफिकची व्यवस्था या दृष्टीने अभ्यासण्यासारखी आहे. तेथे राज्यघटना, हक्कांची सनद, प्रादेशिक सभा, सभापती, न्यायालय असा सगळा थाट आहे, पण त्याच्या तळाशी एक सुरक्षा परिषद आहे. (वर्ल्ड असेंब्लीची सिक्युरिटी काउन्सिल वेगळी, नावामुळे नवे सदस्य गोंधळतात.) तिच्या सदस्यांनी एंडोर्समेंट आणि इन्फ्लुअन्स ठरावीक पातळीच्या वर राखणे ही त्यांच्या पदाची अटच आहे, आणि उपडेलिगेट त्या परिषदेचे प्रमुखपद सांभाळतो. म्हणजे डेलिगेटच्या खालोखाल कोणाकडे सत्ता साठलेली असावी, हे कायद्याने आधीच ठरवून ठेवले आहे. निवडणूक झाल्यावरही नवा डेलिगेट त्याच दिवशी डेलिगेट होत नाही. जुना डेलिगेट स्वतः लोकांना आपली एंडोर्समेंट काढण्याची विनंती करतो, नवा दारोदार टेलिग्राम पाठवून एंडोर्समेंट जमवतो, आणि काही दिवसांनी एका अपडेटला खुर्ची बदलते.

तुमच्याकडे हे सोळा माणसांच्या मापाने करता येईल. वर्ल्ड असेंब्लीत असलेल्या प्रत्येक नागरिकाने डेलिगेट आणि उपडेलिगेट या दोघांनाही एंडोर्स करावे. इतर कोणीही, समजा, आठपेक्षा जास्त एंडोर्समेंट ठेवू नयेत. निकालानंतर पाच दिवसांत मावळत्या डेलिगेटने एंडोर्समेंट काढण्याचे आवाहन करावे आणि न केल्यास उपडेलिगेटने ते करावे. ही मर्यादा काहींना अन्यायाची वाटेल. आपण सर्वांना एंडोर्स करत सुटायचे आणि त्यांच्याकडून परतफेड मिळवायची, या टार्टिंग नावाच्या छंदावर ती थेट घाला घालते आणि त्या छंदाचे भक्त प्रत्येक रीजनमध्ये असतात. परंतु मर्यादा नसेल तर एखादा गोड बोलणारा पाहुणा दोन महिन्यांत दहा एंडोर्समेंट गोळा करतो आणि एका सकाळी तुमच्या रीजनच्या झेंड्याच्या जागी दुसराच झेंडा दिसतो. रेडर, म्हणजे दुसऱ्यांची रीजन बळकावणारी मंडळी, हेच करतात. फ्रंटियर निवडल्यामुळे तुम्हाला नवी राष्ट्रे मिळतात, पण स्ट्राँगहोल्ड या दुसऱ्या प्रकारच्या रीजनला असतो तसा, डेलिगेटच्याही वरचा गव्हर्नर तुमच्यामागे उभा नाही, हे विसरू नका.

न्यायालयाविषयी तुम्ही विचारलेले नाही, तरी एक सांगतो. तीन न्यायाधीशांऐवजी एक ठेवा आणि त्याला शिक्षा देण्याचा अधिकार न देता केवळ 'हे कृत्य कायद्याविरुद्ध आहे' असे जाहीर करण्याचा अधिकार द्या. तुमच्या निकालाची अंमलबजावणी झाली नाही म्हणून तो वाया गेला, असे मला वाटत नाही. आता त्या सहा टेलिग्राममध्ये तो निकाल जोडता येईल, आणि कुंपणावर बसलेल्या चौघांना एंडोर्समेंट काढताना आपण गद्दारी करत नसून कायदा पाळत आहोत असे वाटेल. या खेळात न्यायालयाचे बळ तेवढेच असते, आणि ते कमी नाही.

राहिला ठरावाचा मसुदा. रीजनमध्ये यंत्रणा तुमचा कायदा वाचत नाही. वर्ल्ड असेंब्लीत ती अर्धा वाचते. ठराव मंजूर झाला की त्याचा प्रवर्ग आणि तीव्रता पाहून सर्व सदस्य राष्ट्रांची आकडेवारी ती लगेच बदलते, पण मजकुरातील एकही वाक्य तिला कळत नाही. त्यामुळे तुम्ही निवडलेली सर्वोच्च तीव्रता आणि तुमचा सौम्य, 'शक्य असल्यास' असा मजकूर यांचा मेळ नसेल, तर ठराव मतदानापूर्वीच बेकायदा ठरेल. ही तपासणी सदस्यांमधूनच घेतलेले जनरल असेंब्ली सचिवालय करते आणि ते बारकाईने करते. तुमच्या प्रस्तावनेत महाराष्ट्राचा आणि युनेस्कोचा उल्लेख आहे, तो आधी काढा. खऱ्या जगातील संदर्भ तेथे चालत नाहीत. तिसऱ्या कलमात दुसऱ्या एका ठरावातील व्याख्या 'तेथे दिल्याप्रमाणे' म्हणून घेतली आहे. तो ठराव उद्या रद्द झाला तर तुमचे कलम कोसळेल, आणि असा पत्त्यांचा बंगला बांधण्यास नियमांची मनाई आहे. व्याख्या स्वतःच्या शब्दांत लिहा.

आणखी एक गोष्ट मसुदा लिहिताना सतत डोळ्यांपुढे ठेवा: मंजूर ठरावात दुरुस्ती करता येत नाही. तो संपूर्ण रद्द करावा लागतो आणि नंतर नवा आणावा लागतो, तोही दोन वेगळ्या मतदानांनी. म्हणून अनुभवी लेखक महिना-महिना मसुद्यावर टीका मागवतात आणि मगच सादर करतात. सादर करण्यासाठी तुमच्याकडे किमान दोन एंडोर्समेंट हव्यात, त्या तुमच्याकडे आहेत. त्यानंतर एकूण डेलिगेटपैकी सहा टक्के डेलिगेटची मान्यता मिळाली तरच ठराव मतदानाला जातो, आणि मतदान चार दिवस चालते. डेलिगेटच्या मताचे वजन त्याच्या एंडोर्समेंटइतके वाढत असल्यामुळे पहिल्या काही तासांत दोन-तीन मोठ्या रीजनचे डेलिगेट ज्या बाजूला जातात, त्या बाजूला मागचे पुष्कळ लोक जातात. हे बरोबर आहे की नाही यावर वर्षानुवर्षे वाद आहेत. मला ते फारसे आवडत नाही, पण प्रचाराचे टेलिग्राम कोणाला आधी पाठवायचे हे त्यावरूनच ठरते.

जुन्या ठरावांचा दाखला देऊन तुम्ही 'परंपरा' हा शब्द वापरला आहे, म्हणून थोडा इतिहास सांगतो. ऑस्ट्रेलियन लेखक मॅक्स बॅरी यांनी नोव्हेंबर २००२ मध्ये हा खेळ सुरू केला तेव्हा या संस्थेचे नाव संयुक्त राष्ट्रे असेच होते. खऱ्या संयुक्त राष्ट्रांनी २००८ च्या आरंभी नावाच्या वापराला हरकत घेतली आणि १ एप्रिल २००८ रोजी वर्ल्ड असेंब्ली आली. तारीख पाहून अनेकांना ती थट्टा वाटली. त्या एका दिवसात पाच वर्षांचे सर्व ठराव गेले आणि क्रमांक पुन्हा एकपासून सुरू झाले. तेव्हा तुम्ही ज्या परंपरेचा आधार घेत आहात ती २००८ नंतरची असेल याची खात्री करून घ्या. तुमच्या पाचव्या कलमातील दाखला त्याआधीचा वाटतो.

मसुदा सुधारून झाला की पुन्हा पाठवा, मी वाचीन. पण त्याआधी ते सहा टेलिग्राम पाठवा, कारण डेलिगेट कोण आहे हे निश्चित होईपर्यंत तुमच्या रीजनचे मत त्या ठरावावर कोणत्या बाजूला पडेल, हे जुना डेलिगेटच ठरवणार आहे.