टीव्ही बघताना आपण हसतोय की रडतोय, हे टीव्हीला कळतं का?

तुम्ही विचारलंय की नवा स्मार्ट टीव्ही घेतल्यापासून तुम्ही जे बघता त्याच्याच जाहिराती यायला लागल्यात, तर हा टीव्ही आपले चेहरे वाचतो की काय? मी गोव्यातल्या डिचोलीत टीव्ही बसवतो आणि दुरुस्त करतो, त्यामुळे हा प्रश्न माझ्या ओळखीचा आहे.

बहुतेक टीव्हींना कॅमेराच नसतो. खालच्या कडेला जो काळा ठिपका दिसतो तो रिमोटचा सेन्सर. मये गावातल्या एका काकींना तो डोळा वाटला म्हणून त्यांनी त्यावर जाड टिकली चिकटवली, आणि दोन दिवसांनी "रिमोट चालत नाही रे" म्हणून मला फोन केला. टिकली काढली, चहा घेतला, आलो. पैसे कसले मागणार!

टीव्हीला तुमचा चेहरा नाही, स्वतःचा पडदा दिसतो. पडद्यावरच्या चित्राचे किंवा आवाजाचे बारीक तुकडे घेऊन तो त्यांचा ठसा बनवतो, कंपनीच्या सर्व्हरवरच्या साठ्याशी जुळवतो आणि कुठला कार्यक्रम चालू आहे ते ओळखतो. केबलच्या बॉक्समधून आलेलं चित्रही यातून सुटत नाही. अमेरिकेत व्हिझिओ कंपनीने 1 कोटी 10 लाख टीव्हींवरून अशी माहिती मालकांना न विचारता गोळा केली होती. 2017 मध्ये तिला 22 लाख डॉलर भरावे लागले. आपल्याकडे सेट जोडताना सगळे 'मान्य आहे, मान्य आहे' दाबत सुटतात (मीही घाईत तेच दाबतो, खोटं का बोलू), तिथेच परवानगी दिली जाते. सेटिंगमध्ये प्रायव्हसीखाली 'व्ह्यूइंग इन्फर्मेशन', काही सेटमध्ये 'लाइव्ह प्लस' असं काहीतरी सापडेल. ते बंद करा, चित्रात काही फरक पडत नाही.

टीआरपीचं प्रकरण वेगळं. बार्क ही संस्था 2015 पासून आकडे देते. वाहिनीच्या आवाजात कानाला न कळणारी खूण मिसळलेली असते. निवडलेल्या घरातला मीटर ती ओळखतो, आणि कोण बघतंय हे कळायला घरातल्या प्रत्येकाने आपापलं बटण दाबायचं. आजी बटण दाबून खुर्चीतच घोरायला लागली तरी ती प्रेक्षकच.

भावना मोजायचे प्रयोग होतात, पण ते मुद्दाम बोलावलेल्या माणसांवर. बोटांना सेन्सर लावून त्वचेवरचा घाम मोजतात, कॅमेऱ्याने भुवया आणि ओठांच्या हालचाली टिपतात. त्या हालचालींना नंबर देण्याची पद्धत एकमन आणि फ्रिसन या मानसशास्त्रज्ञांनी 1978 मध्येच मांडली. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातून 2009 मध्ये निघालेल्या अफेक्टिव्हा कंपनीने त्याचं सॉफ्टवेअर करून जाहिरातवाल्यांना विकलं. पण भुवई हलली हे कळणं वेगळं आणि माणसाला काय वाटलं हे कळणं वेगळं. 2019 मध्ये पाच शास्त्रज्ञांनी आधीचं संशोधन तपासून सांगितलं की नुसत्या चेहऱ्यावरून भावना खात्रीने ओळखता येत नाही. 2022 मध्ये मायक्रोसॉफ्टनेही चेहऱ्यावरून भावना सांगणारी आपली सेवा मागे घेतली.

मला याचं नवल वाटलं नाही, कारण मी आमच्या आईला मालिका बघताना बघितलंय. संध्याकाळी सुंगटं (कोळंबी) आली की ती थाळा घेऊन टीव्हीसमोर सोलायला बसते. मालिकेत सून घर सोडून निघाली तरी आईच्या तोंडावरची रेष हलत नाही. कॅमेरा म्हणेल, बाई कंटाळलीय. पण बोटं थांबतात. अर्धं सोललेलं सुंगट तसंच हातात राहतं, जाहिरात लागली की बोटं परत चालू. आमच्या मांजराला हे बरोबर ठाऊक आहे. एरवी ते दाराशी झोपेचं सोंग घेऊन पडतं, आणि सून उंबऱ्यापाशी पोचली की उठून थाळ्याकडे येतं.