मधल्या नावाची जागा

"मॅडम, आडनावं वेगळी दिसली तर व्हिसा अडकेल का हो?"

नौपाड्यातल्या माझ्या खोलीत गेल्या वर्षभरात हा प्रश्न इतक्या जणींनी विचारलाय, की आता समोरची बसायच्या आत मला ओळखू येतं. पिशवीतून प्लॅस्टिकची फाईल निघते, फाईलमधून लग्नाचा दाखला, आणि पाठोपाठ "घरचे म्हणतात…"

मी समुपदेशक. व्हिसा एजंट नाही, वकील तर नाहीच. पण आमच्या ठाण्यात सॉफ्टवेअरवाले जावई घरोघरी, त्यामुळे एच-४ (तिकडे नोकरी करणाऱ्याच्या जोडीदाराचा अमेरिकी व्हिसा) आणि डीएस-१६० (त्या व्हिसाचा फॉर्म) हे शब्द मला पेशंटांनीच शिकवले.

मुक्ताचंच सांगते. (नावं, तपशील बदललेत, तिला विचारून लिहितेय.) ती फिजिओथेरपिस्ट, राहायला घोडबंदर रोडला, लग्नाला चार महिने झालेले. नवरा ओंकार एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर न्यू जर्सीत. लग्नात सासूबाईंनी त्याच्याकडून तांदळाच्या ताटात अंगठीने 'ओवी' लिहवून घेतलं होतं. पासपोर्ट, डिग्री, बँक, सगळं मात्र माहेरच्या नावाचं. ओंकारचा धोशा एकच : आधी पासपोर्टवरचं नाव बदल, मग फॉर्म भरू.

"बदललंच पाहिजे म्हणतो," मुक्ता म्हणाली.

मी विवेकनिष्ठ विचारपद्धतीत, म्हणजे मनातले 'पाहिजेच'चे हट्ट तपासायला शिकवणाऱ्या उपचारात, तयार झालेली बाई. माणूस काय बोलतो यापेक्षा 'च' कुठे लावतो, तिकडे माझा कान आधी जातो. "हा 'च' फॉर्मचा की ओंकारचा? शोधून ये."

पुढच्या खेपेला ती सगळं वाचून आली. लग्नानंतर बायकोने नाव बदलावं अशी सक्ती आपल्याकडे कुठल्याच कायद्यात नाही. पासपोर्टसाठी तर खुद्द पंतप्रधानांनी २०१७ मध्ये तसं जाहीर बोलून दाखवलं होतं. अमेरिकेच्या व्हिसासाठी नवरा-बायकोचं नातं लग्नाच्या दाखल्यावर ठरतं, आडनावं जुळतात का यावर नाही. आणि डीएस-१६० मध्ये तर सरळ प्रश्नच आहे : तुम्ही कधी दुसरी नावं वापरलीत का? माहेरचं, धार्मिक, व्यवसायातलं?

"म्हणजे त्या फॉर्मला माझी सगळी नावं चालतात," ती म्हणाली. "घरालाच चालत नाहीत."

मला वाटलं, झालं, सुटलं. पण तिचा चेहरा काही सुटला नव्हता. माहिती मिळाली की काळजी जाते असं मीही उमेदवारीच्या काळात मानायचे. आता तसा चेहरा दिसला की थांबते.

तिला कोरा कागद दिला. "तुझं पूर्ण नाव लिही. जे आतून येईल ते."

तिने 'मुक्ता' लिहिलं आणि पेन थांबलं. बराच वेळ. बाहेर गोखले रोडवर हॉर्न चालू होते आणि ही त्या एका शब्दापुढच्या जागेकडे बघत बसलेली.

"आडनावाचं मला काहीच नाही मॅडम. मधलं नाव…" बाबा २०२१ मध्ये गेले होते. "त्यांचा मृत्यूचा दाखला पालिकेतून मीच आणला. आता माझ्या नावातूनही त्यांना मीच काढायचं?"

आम्ही तीन सेशन्स आडनावावर घालवली होती! आपल्याकडची नावाची रीतच अशी, की लग्नानंतर मुलीचं शेवटचंच नव्हे तर मधलंही बदलतं. भांडणं होतात ती शेवटच्यावरून, मधल्याचं कुणी नावही काढत नाही. माझंही मधलं नाव बदललं तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं. मलाही विचारावंसं वाटलं नव्हतं, हे त्या दिवशी घरी जाताना आठवलं.

मग ओंकारला व्हिडिओ कॉलवर घेतलं. आमची संध्याकाळ, त्याची सकाळ, हातात कॉफीचा मग. आधी त्याने मित्राच्या बायकोचा किस्सा सांगितला. तिचं तिकीट सासरच्या नावाने काढलेलं, पासपोर्ट माहेरच्या नावाचा, विमानतळावर रडारड. भीती खरी होती. पण ती तिकिटाची चूक, नावाची नव्हे.

"ओंकार, तिकीट नीट काढलं तर मग प्रश्न मिटला?"

तो गप्प. मग म्हणाला, "तीन वर्षं इथे एकटा राहिलोय मॅडम. तिच्या नावात कुठेतरी माझं नाव असावं असं वाटणं चूक आहे का?"

"वाटण्यात काही चूक नाही. 'असायलाच हवं' म्हटलंस की भांडण."

मुक्ता त्याच्याकडे बघतच राहिली. इतके दिवस तिला वाटत होतं की हे सगळं सासूबाईंचं आहे.

मग मी माझ्याकडची माहिती पुढे केली. पासपोर्टात रकाने दोनच, आडनाव आणि नाव. वडिलांचं नाव बसतं ते मुलीच्या नावाला लागून. जोडीदाराच्या नावाची नोंद वेगळी होते, आणि तिच्यासाठी बायकोला स्वतःच्या नावातलं एक अक्षरही बदलावं लागत नाही.

"म्हणजे आपण एकाच खुर्चीवर दोघांना बसवत होतो," मुक्ता म्हणाली. "बाबांना उठवून तुला."

ओंकार हसला, मग डोळे पुसायला कॅमेऱ्यापासून बाजूला झाला. असे क्षण वर्षातून दोन-तीनच येतात. त्या दिवशी पुढची अपॉइंटमेंट मी दहा मिनिटं उशिरा सुरू केली, आणि त्याचं मला अजिबात वाईट वाटलं नाही.

ज्या जणी हाच प्रश्न घेऊन येणार आहेत त्यांच्यासाठी थोडं रोखठोक. नाव बदला किंवा बदलू नका, पण ठरवा फॉर्म भरायच्या आधी. व्हिसा पासपोर्टवरच्या नावानेच येतो, म्हणून तिकीटही त्याच नावाचं, स्पेलिंगसकट. जोडीदाराची नोंद करायची तरी पासपोर्ट नव्याने निघतो आणि नंबर बदलतो, म्हणून वागळे इस्टेटच्या पासपोर्ट केंद्राची ती फेरी आधी, डीएस-१६० नंतर. नाव बदललंत तर पॅन, आधार, बँक सगळीकडे बदला. अर्धवट बदल सगळ्यात जाच करतो. डिग्री जुन्या नावाचीच राहील, तिला जोडणारा पूल म्हणजे लग्नाचा दाखला, तो जपा. आणि अमेरिकेचा व्हिसा आधीच लागला असेल अन् नंतर नाव बदललं, तर नवा व्हिसा घ्यावा अशी तिथल्या सरकारचीच शिफारस आहे. म्हणून घाईत बदलू नका.

आणि नवरे मंडळी, 'फक्त कागदासाठी' असं म्हणू नका. कागदासाठी लागत नाही हे आता सांगितलंय. तुम्हाला हवं असेल तर 'मला हवंय' म्हणा. ऐकणारीला निदान उत्तर तरी देता येतं.

फॉर्म भरायच्या दिवशी मुक्ताचा फोन आला. "मॅडम, दुसऱ्या नावांच्या प्रश्नात 'ओवी' टाकायचं का? सासूबाई त्याच नावाने हाक मारतात."

"कुठल्या कागदावर आहे का ते?"

"आहे ना. फ्रिजवर, वाणसामानाच्या यादीत. 'ओवी, येताना ओवा आण.'"

तो प्रश्न मात्र मी एजंटाकडे पाठवला.