वाचक विचारतात: पातळ जॉब चकमध्ये सरळ कसा बसवायचा?

प्रश्न: सर, मी खानापूरचा, घरी छोटा लेथ (फिरवून धातू कापायचं मशीन) आहे, जॉब म्हणजे कापायची वस्तू धरायला तीन जबड्यांचा चक. शेजारच्या हायड्रॉलिकवाल्यासाठी पितळेचे वॉशर करतोय, 40 मिमी डायमीटर आणि 6 मिमी जाडी. एक बाजू फेसिंग (तोंड सपाट कापणं) झाली की उलटा धरतो, जबड्यांत 4 मिमी जातो, आणि मायक्रोमीटर लावला तर जाडी एका कडेला 0.1 मिमीपर्यंत जास्त येते. चक बदलावा लागणार काय?

उत्तर: थांबा की भाऊ, चकला एवढ्यात दोष देऊ नका. तुम्ही उलटा धरताना जबडे फक्त 4 मिमी पकडतायत आणि जॉब 40 मिमीचा आहे, म्हणजे त्या 4 मिमीत जबडा 0.01 मिमी जरी उघडा राहिला तरी कडेपर्यंत जाताना तो दहापट होतो, हाच तुमचा 0.1. जुन्या चकचे जबडे पुढच्या टोकाला झिजून फाकतात, मग आखूड जॉब त्यात डुलणारच. जॉब सरळ बसवायचं काम जबड्यांवर सोडायचंच नाही, त्याला मागून टेका द्यायचा.

टेका घरीच होतो. ॲल्युमिनियमच्या प्लेटचा तीन पायांचा तुकडा कापा, पाय जबड्यांच्या मधल्या जागेत गेले पाहिजेत, आणि जाडी अशी ठेवा की जॉब जबड्यांच्या 2 मिमी बाहेर येईल. तिन्ही पायांची जाडी सारखी हवी, मायक्रोमीटरने बघा, इथे आळस केला तर सगळं फुकट. पायांत मागून खड्डे करून छोटी मॅग्नेट चिकटवा, पण पृष्ठभागाच्या किंचित खालीच राहू देत, मग तो चकच्या तोंडाला चिकटून राहतो, सुटा ठेवून मशीन कधी चालू करायचं नाही. चकच्या तोंडाला डायल (बारीक हालचाल दाखवणारं मापक) लावून बघा, तेच डगमगत असेल तर टेक्याचा काही उपयोग नाही.

बसवताना आधी ब्रशने चिप्स काढा, एक चिप मागे अडकली तरी तेवढीच चूक जॉबमध्ये उतरते. मग हलकं आवळा, लाकडी हातोड्याने ठोका, पुन्हा आवळा. खात्री करायची तर जॉबच्या मागे तीन ठिकाणी पातळ कागदाच्या पट्ट्या ठेवा आणि आवळल्यावर ओढून बघा, तिन्ही अडकल्या तर बसला, एक जरी सहज निघाली तर परत. मी बेळगावच्या उद्यमबागेत एका वर्कशॉपमध्ये शिकलो तेव्हा ही पट्टी न लावता वीसेक वॉशर वाया घालवले होते, पितळ तेव्हाही स्वस्त नव्हतं, म्हणून एवढं आग्रहाने सांगतोय.

पन्नासच्या वर नग असतील आणि चकचे जबडे दोन भागांचे असतील तर मऊ जबडे (लेथवरच कापता येणारे) लावा. मागच्या टोकाला एक रिंग घट्ट धरून, म्हणजे जबड्यांवर कामातल्यासारखाच ताण ठेवून, पुढून 40 मिमी डायमीटरचा 4 मिमी खोल बोअर (गोल भोक) करा, कोपऱ्यात जरा खाच मारा म्हणजे जॉबची धार अडणार नाही. ते जबडे काढून परत लावले की पुन्हा बोअर मारायलाच लागतो.

आणि रॉडमधूनच करत असाल तर पुढचा फेस, बोअर आणि बाहेरचा डायमीटर एकाच पकडीत संपवून मग पार्टिंग करा (रॉडपासून कापून वेगळा करा), नंतर फक्त मागची बाजू राहते. शेवटचा कट 0.1 मिमीचा घ्या आणि जबडे जास्त करकचून आवळू नका, पातळ रिंग असली तर ती तिकोनी होते.