आधी वाळू बघा, मग प्रवाळ

प्रवाळभित्तींचा अभ्यास सुरू करताय, तर माझं ऐका: प्रवाळांच्या जाती पाठ करण्याआधी तिथली वाळू बघायला शिका. लक्षद्वीपला गेलात की कवरत्ती बेटाच्या लगूनकाठी (भित्तीच्या आतल्या उथळ, शांत पाण्याच्या काठी) बसून चिमूटभर वाळू तळहातावर घ्या आणि दहापट भिंगाखाली धरा. वाटाण्याच्या सालासारख्या चपट्या, पांढऱ्या चकत्या दिसतील, त्या हॅलिमिडा या हिरव्या शैवालाच्या. बारीक, गोलसर कवचं फोरामिनिफेरा या एकपेशीय जीवांची. बाकी शिंपल्यांचे तुकडे आणि पोपटमाशांनी कुरतडून काढलेला प्रवाळाचा चुरा. म्हणजे सगळा चुनाच! रत्नागिरीच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट हे काळं खनिज असतं, ते खडकांच्या झिजेतून आलेलं. इथली वाळू सजीवांनी घडवलेली. हा फरक डोळ्यांत बसला पाहिजे.

मग जागा बदलून बघा. लाटा फुटतात तिथे जाडेभरडे तुकडे, लगूनच्या शांत पाण्यात बारीक गाळ. लक्षद्वीपची बहुतेक बेटं भित्तीच्या पूर्व कडेला आहेत, लगून पश्चिमेला. त्यांतल्या अंद्रोथ बेटाला मात्र लगूनच नाही. असं का, यावर जरूर डोकं चालवा.

अशा भित्ती कशा बनतात, ते डार्विनने १८४२ मध्ये मांडलं, की ज्वालामुखी बेट खचत जातं आणि प्रवाळ वर वाढत राहतो. १९५२ मध्ये पॅसिफिक महासागरातल्या एनेवेटक या प्रवाळबेटावर विंधन घेतलं, तेव्हा १,२०० मीटरहून जाड चुनखडकाखाली बेसाल्ट हा ज्वालामुखी खडक लागला. भित्ती रचणारे प्रवाळ उजेडाच्या उथळ पाण्यातच वाढतात, त्यामुळे एवढी जाडी तळ खचल्याशिवाय शक्यच नाही.

आणि हो, प्रवाळाचा तुकडा उचलून आणू नका. कायद्याने बंदी आहे. फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवून.