रायझन ५ ३६०० ला सगळ्या कोअरवर १.४ व्होल्ट फिक्स केले आहेत, तापमान ७० च्या आत राहतं. रोजच्या वापराला चालेल का? आणि डीडीआर४ रॅमला किती द्यावे?

नाही चालणार. आणि तापमान ७० च्या आत आहे हे कारण पुढे करू नका. याच एका वाक्यावरून माझं आणि माझ्या मामेभावाचं वर्षानुवर्षं वाजतंय.

तुम्ही म्हणाल, ऑटोवर, म्हणजे व्होल्टेज त्याचं त्याला ठरवू दिलं की, हाच प्रोसेसर १.४५ सुद्धा दाखवतो. दाखवतो, पण एखाद-दुसऱ्या कोअरवर काम असताना, करंट कमी असताना. सगळे कोअर कामाला लागले की तो स्वतःच १.३ च्या आसपास उतरतो. व्होल्टेज फिक्स केलं की ही खाली उतरायची सोयच जाते. मग पूर्ण भाराचा करंट आणि १.४ व्होल्ट, दोन्ही एकदम, तासन्‌तास.

मामेभावाने नेमकं हेच केलं. महागडा वॉटर कूलर घेतला, सगळ्या कोअरवर १.४२ लावले आणि रात्र-रात्र ब्लेंडरचे रेंडर चालवले. "थंड आहे ना, मग झालं," हे त्याचं ठरलेलं उत्तर. वर्षभराने त्याच सेटिंगवर रेंडर अर्ध्यात बंद पडायला लागले. त्याने विंडोज नव्याने टाकलं, पॉवर सप्लाय बदलला, शेवटी रॅमवर खापर फोडून नवी जोडी आणली. तरी तेच. मी गेलो, व्होल्टेज तेवढंच ठेवून फक्त १०० मेगाहर्ट्झ कमी केले, मशीन रात्रभर चाललं. जुनी रॅम परत लावली, तरीही चाललं. म्हणजे चिप झिजली होती. जास्त व्होल्टेज आणि करंटमुळे आतल्या सूक्ष्म तारांमधले धातूचे अणू हळूहळू सरकतात, ट्रान्झिस्टरचं इन्सुलेशन कमजोर होतं. थंडाव्याने ही झीज मंदावते, थांबत नाही. तरी आजही लग्नकार्यात भेटला की तो म्हणतो, रॅमच खराब होती.

त्याचं दुसरं पालुपद, "बोर्ड ऑटोवर देतोय म्हणजे सेफच असणार." २०२३ मध्ये रायझन ७००० एक्स३डी प्रोसेसर जळाले ते कशाने? एक्सपो, म्हणजे रॅमची तयार वेगवान सेटिंग, चालू केलं की काही बोर्ड एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरच्या भागाचं) आपणहून वर नेत होते. एएमडीला बायोसमधून, म्हणजे बोर्डच्या मूळ सॉफ्टवेअरमधून, १.३ व्होल्टची मर्यादा घालावी लागली. २०२४ मध्ये इंटेललाही १३व्या-१४व्या पिढीसाठी मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांचं अपडेट) काढून १.५५ व्होल्टच्या वरची मागणी रोखावी लागली. तिथे तर प्रोसेसर स्वतःच जास्त मागत होता.

आता तुमचं. फिक्सच ठेवायचं असेल तर पूर्ण भारावर १.३ च्या पुढे जाऊ नका. आकडा बायोसमधला धरू नका, एचडब्ल्यूइन्फो या मोजमापाच्या सॉफ्टवेअरमधली एसव्हीआय२ टीएफएन असं लिहिलेली ओळ बघा. लोडलाइन कॅलिब्रेशन (भार आल्यावर व्होल्टेज पडू न देणारी बायोसमधली सेटिंग) सगळ्यात वरच्या पायरीवर अजिबात नको, भार सुटताना व्होल्टेज उसळतं आणि ते सॉफ्टवेअरमध्ये दिसतही नाही. माझं विचाराल तर कोअर स्टॉकवर, म्हणजे कंपनीच्या मूळ सेटिंगवर, सोडा आणि कष्ट रॅमवर घ्या, रायझन ३६०० वर खरा फायदा तिथेच मिळतो. डीडीआर४ चं मूळ व्होल्टेज १.२, एक्सएमपीला (रॅमवर आधीच भरलेली वेगवान सेटिंग) बहुधा १.३५. ३६०० मेगाहर्ट्झसाठी १.३५ ते १.४ पुरतात. एसओसी १.१ च्या आत ठेवा, ते ऑटोवर सोडू नका.

हे आकडे झेन २ (तुमच्या ३६०० ची पिढी) आणि डीडीआर४ चे आहेत. डीडीआर५ किंवा एक्स३डी चिपला लावू नका. सॅमसंग बी-डाय या मेमरी चिपची रॅम १.४५ सहज सोसते, दुसऱ्या काही चिप तेवढ्यावर उलट एरर देतात. आणि कधी मशीन अडलंच, तर नवी रॅम घेण्याआधी प्रोसेसर स्टॉकवर आणून मेमटेस्ट ही रॅम तपासणारी चाचणी चालवा. तेव्हा एरर आली तरच रॅमला नावं ठेवा. मामेभावाने ही चाचणी अजून केलेली नाही, जुनी जोडी त्याच्याच कपाटात आहे.