सुजलेल्या हाताबद्दल

बाळा, अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज वाचला. केमोच्या दोन सायकलनंतरचा पेट स्कॅन (कॅन्सर कुठे उरलाय ते बघायचा) स्वच्छ आला, आईने चाळीत पेढे वाटले आणि पुढच्याच आठवड्यात पिक लाइनचा, म्हणजे केमोसाठी दंडाच्या शिरेत घातलेल्या नळीचा, हात सुजला. डॉपलर, म्हणजे शिरांची सोनोग्राफी केली तर शिरेत रक्ताची गुठळी. "लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कॅन्सर) कळला तेव्हा रडलो नाही काकू, आणि या फालतू गुठळीने रडलो," असं लिहिलंयस. मला नवल वाटलं नाही. आजाराशी तू तह केला होतास, इतक्या सायकल, इतके महिने, मग सुटका. गुठळी त्या तहात नव्हतीच. माझ्या ओव्हरीच्या कॅन्सरची केमो चालू असताना पाय सुजला, तेव्हा मीही कॅन्सरपेक्षा त्या पायावरच जास्त चिडले होते. बिचारी जाऊबाई समोर सापडली, तिने सगळं ऐकून घेतलं.

"मी सगळं नीट केलं, तरी का?" याचं उत्तर तू काय केलंस त्यात नाही. कॅन्सरमध्ये रक्त गोठायला जास्त तयार असतं. आर्मां त्रूसो नावाच्या फ्रेंच डॉक्टरने हे 1865 साली सांगून ठेवलंय. त्यात तुझ्या शिरेत महिनोन्महिने नळी, शिवाय केमोनंतरचे पडून काढलेले दिवस. गुठळी झाली म्हणजे आजार वाढला, असा हिशोब मांडू नकोस. तुझा स्कॅन चांगला आहे आणि गुठळीचे उपचार वेगळे चालतात. केमो बहुतेक वेळा थांबवावी लागत नाही. लाइन चालू असेल आणि इन्फेक्शन नसेल, तर कित्येकदा तीही ठेवतात. ते तुझे डॉक्टर ठरवतील, मामा नाही. "केमोनेच झालं, सोडून दे," म्हणणाऱ्या मामांना चहा पाज आणि विषय बदल.

आता रागवायचं ते रागावते. हात दोन दिवस जड होता आणि तू कुणाला बोलला नाहीस. का, तर "ओपीडीत इतकी गर्दी, त्यात माझं काय." हे मला चांगलं ठाऊक आहे. आपलं टाटा कॅन्सर हॉस्पिटल 1941 साली सुरू झालं आणि आज देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसं परळला येतात. बिहार-बंगालहून आलेली कुटुंबं फुटपाथवर पथारी टाकून बसलेली दिसली की आपलं दुखणं आपल्यालाच लाजतं. आपण गुणी पेशंट होतो. नर्सला हाक मारत नाही, डॉक्टरांना दुसरा प्रश्न विचारत नाही. घरीही "काही नाही, झोपेत हात अवघडला." या सोशिकपणाचं कौतुक आपल्याकडे फार, पण त्याचा उपयोग कुणालाच नाही. तू गप्प राहिलास म्हणून फुटपाथवरच्या माणसाचा नंबर लवकर लागला नाही.

म्हणून यापुढे चार गोष्टींना सकाळची वाट बघायची नाही. अचानक धाप लागली, श्वास घेताना छातीत दुखलं, थुंकीत रक्त आलं किंवा चक्कर येऊन पडलास, तर गुठळी फुप्फुसात सरकली असू शकते. 108 ला फोन, नाहीतर जवळच्या मोठ्या हॉस्पिटलची कॅज्युअल्टी. परळच गाठायचं म्हणून ट्रॅफिकमध्ये अडकू नकोस. केमो चालू असताना ताप 100.4 झाला तरी तीच घाई, तेव्हा पॅरासिटामॉल खाऊन झोपायचं नाही. फाइलच्या पहिल्या प्लास्टिकमध्ये एक कागद ठेव: आजार, केमोचं नाव, शेवटचा डोस कधी, हातात गुठळी, रक्त पातळ करायचं औषध कुठलं आणि किती. रात्रपाळीच्या डॉक्टरला तुझी जाडजूड फाइल चाळायला वेळ नसतो.

रक्त पातळ करायचं इंजेक्शन घरी स्वतः घ्यायची भीती वाटते म्हणतोस. ती जाते. बेंबीपासून दोन इंच सोडून पोटाची कातडी चिमटीत धर, सुई सरळ घाल आणि औषध हळू सोड. भरलेल्या सिरिंजमधला बुडबुडा काढू नकोस, तो तसाच असायचा असतो. नंतर चोळू नकोस, चोळलं की निळं पडतं. आज डावीकडे, उद्या उजवीकडे. वापरलेल्या सुया झाकणाच्या जाड प्लास्टिकच्या बाटलीत साठव आणि हॉस्पिटलात परत दे. घरच्या कचऱ्यात टाकल्यास तर कचरा वेचणाऱ्या बाईच्या हातात घुसतील. डोस चुकला तर फोन करून विचार, मनाने दुप्पट घेऊ नकोस. दुखलं म्हणून ब्रुफेन, डायक्लोफिनॅक न विचारता नाही. आईचा गुळवेलीचा काढासुद्धा डॉक्टरांना दाखवल्याशिवाय नाही, रागावली तरी. भाजीतल्या हळदीला कुणी ना म्हणत नाही. शी काळी झाली, नाकातलं रक्त थांबेना किंवा डोक्याला मार लागला, तर लगेच कळवायचं. सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या तपासणीत, प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) उतरल्या तर औषधाचा डोस बदलावा लागतो, म्हणून रिपोर्ट आल्यावर "प्लेटलेट किती?" हे तूच विचार.

सुजलेला हात मालिश करून घेऊ नकोस, शेजारच्या आजींचा हात कितीही गुणाचा असो. उशीवर उंच ठेव, बोटं हलवत राहा. बीपी आणि रक्त दुसऱ्या हातातून. बॅगेचा पट्टा त्या खांद्यावर नाही.

आणि लोकलमध्ये त्या हाताने हँडलला लोंबकळणं बंद. दिव्यांगांच्या डब्यात कॅन्सर पेशंटला चढता येतं, तुला आजवर कुणी सांगितलं नाही याचंच आश्चर्य. हॉस्पिटलचं कार्ड खिशात ठेव. धडधाकट दिसणाऱ्या पोराकडे लोक आधी डोळे वटारून बघतात, एखादा "भाऊ, डबा चुकला" म्हणतो. कार्ड दाखव आणि बस. सगळी कहाणी सांगत बसायची गरज नाही.

किती महिने औषध, हे मला विचारू नकोस. साधारण किमान तीन महिने चालतं आणि लाइन हातात आहे तोवर बहुधा चालूच ठेवतात. तुझं नेमकं पुढच्या व्हिजिटला विचार. प्रश्न घरूनच लिहून ने, आत गेल्यावर सगळं विसरायला होतं.

राहिला तुझ्या ढोल-ताशा पथकाचा प्रश्न. यंदा ढोल नाही. सुजलेला हात, पातळ केलेलं रक्त, त्यात केमोने पांढऱ्या पेशींचा काउंट कमी असताना मिरवणुकीची गर्दी, यातलं एकही मला पटत नाही आणि तुझ्या डॉक्टरांनाही पटेल असं वाटत नाही. पण सरावाचं वेळापत्रक आणि नव्या पोरांच्या हजेरीचं काम घरबसल्या फोनवर होतं. पथकप्रमुखांशी आजच बोल, नाहीतर तेही दुसऱ्या कुणाला देऊन टाकतील.

तुझी,
काकू